अंगठ्याच्या बुडाचा खड्डा

डॉक्टरांनी माझा उजवा हात उताणा केला, अंगठ्याच्या बुडाशी बोट दाबलं आणि विचारलं, "हा खड्डा कधीपासून?" आता महारोग हा शब्द येणार, असं धरूनच मी सोलापूरच्या त्या दवाखान्यात बसले होते.

आम्ही मुरुमचे कासार. तेव्हा निजामाचं राज्य होतं. बांगड्या भरायच्या तर समोरच्या बाईचा अंगठा आत दुमडायचा, त्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दाबायचा, की बांगडी वर सरकते. जन्मभर दुसऱ्यांचे हात दाबले, पण स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं नाही.

एकदा धुणं धुताना माझ्याच बांगड्या गळून पडल्या. सवाष्णीचं हे असं होणं मला सोसेना. मी काय शहाणपणा केला? एक माप लहान बांगड्या भरल्या. त्या सैल झाल्यावर आणखी लहान. बोटांना मुंग्या यायच्या, ती थंडी म्हणून सोडून दिली. बायांनो, तुम्ही असं करू नका. माप बदलू नका, हात दाखवा.

पुढं बोटांना चटका कळेना. एका लग्नघरी नवरीच्या मावशीनं माझा पंजा पाहिला आणि आपला हात झटकन मागं घेतला. "ऱ्हाऊ द्या कासारीणबाई, उद्या बघू." तो उद्या काही आला नाही. गावभर कुजबुज झाली.

सोलापूरच्या दवाखान्यात जायला सासूबाई सोबत निघाल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायानं गाठोडं सोडायला लावलं, तेव्हा मी हात पदराखाली लपवला. आत्याबाईंनी गाठोडं पुन्हा बांधलं, पण माझ्या हाताकडं पाहिलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी कापूस फिरवला, गरम-गार पाण्याच्या नळ्या टेकवल्या, कोपरामागची नस चाचपली, कानाच्या पाळीला चिरा देऊन काचेवर काही घेतलं. मग बाहेर बसवलं. घरी ठेवलेल्या तान्ह्या मुलीला मी पुन्हा कडेवर घ्यायचं की नाही, एवढंच डोक्यात होतं.

"महारोग नाही," डॉक्टर म्हणाले.

मीडियन नर्व्ह, म्हणजे मनगटातून पंजात जाणारी नस, चेपली होती. अंगठ्याच्या बुडाचे थीनार मसल्स, म्हणजे स्नायू, तिच्या हुकमावर चालतात. त्यांच्यामुळं अंगठा बोटांसमोर येतो, म्हणून आपण घास घेतो, सुई धरतो. हुकूम पोचेना, म्हणून स्नायू वाळला. "मनगटाला फळी बांधा, विश्रांती द्या. मुंग्या थांबतील. गेलेलं मांस भरेलच, असं मी सांगत नाही."

"सायेब, पुन्यांदा सांगा," आत्याबाई म्हणाल्या. "त्यो रोग न्हाय ना?"

"नाही, आजी."

मी ढसाढसा रडले.

मुंग्या थांबल्या, चटकाही कळू लागला. खड्डा मात्र राहिला. डाव्या हातानं भरायची सवय केली, पण हात पुढं करायला बाई येईना. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण मला पुन्हा गावात बसवलं ते आत्याबाईंनी.

बाजाराच्या दिवशी मी पेटी उघडून बसले होते. बाया लांबून जात होत्या. इतक्यात आत्याबाई आल्या, त्या मोकळ्या हातांनी. चांगल्या शाबूत बांगड्या घरीच वाढवून, सवाष्ण बाई भर बाजारातून तशी चालत आली होती. बाया जागच्या जागी थांबल्या.

माझ्यासमोर बसून त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "भर गं. त्याच उजव्या हातानं भर."