देणार की नाही, तेवढं लिहून कळवा

आमच्या गिरगावच्या चाळीत सुभद्राकाकू कुणाला घाबरत नाहीत. घरमालकाला नाही, पालिकेच्या माणसाला नाही, मला तर मुळीच नाही. पस्तीस वर्षं शिलाई मशीन चालवून दोन पोरी उजवल्या. अशा बाईला माझ्या एका वाक्याने कापरं भरलं.

"काकू, तुमच्या रघुवीरशेटच्या दुकानाला दोन दिवस कुलूप दिसतंय हो."

रघुवीरशेट म्हणजे दादरचा साडीवाला. पाडव्याच्या शोभायात्रेसाठी चाळीस बायकांना एकाच मोरपंखी रंगाच्या नऊवारी शिवून द्यायचं काकूंनी कबूल केलं होतं. साड्या शेट देणार, असा सहीचा कागदही झाला होता. पाडवा अठरा दिवसांवर.

काकूंच्या ओठांतली टाचणी खाली पडली. "मेल्या, खरं बोलतोस ना?"

मशीन गप्प झालं. दुसरीकडून माल उचलावा, तर शेटचाही येऊन पडेल. मग जास्तीच्या चाळीस साड्या काय गॅलरीला गुंडाळायच्या? थांबावं, तर पाडव्याला चाळीस बायका दारात!

समोरची ऋता वकिलाकडे काम करते. ती म्हणाली, "कुलूप दिसलं म्हणून करार मोडत नाही, काकू. आधीच दुसरीकडे घेतलंत, तर मोडणाऱ्या तुम्हीच ठराल. त्यालाच लिहून विचारा, ठरल्या तारखेला माल देणार का? तीन दिवसांत कळवा म्हणावं."

"आणि नाही म्हणाला तर गो?"

"तर तुम्ही मोकळ्या."

"मोकळी कसली! मेलेच मी."

खरी भीती हीच. विचारलं नव्हतं तोवर माल येईल असं म्हणता तरी येत होतं.

शेवटी मजकूर मी टाइप केला. बटण काकूंनी डोळे मिटून दाबलं. निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर नाही. दोन दिवस फोन नळावर बरोबर, देवापुढे बरोबर. मी दिसलो की दार धाडकन बंद.

तिसऱ्या दुपारी उत्तर आलं. "ताई, माफ करा. विणकराकडूनच माल आला नाही. देऊ शकत नाही."

मला वाटलं, आता रडतात. काकूंनी चपला पायात सरकवल्या.

"ऋते, हे छापून जपून ठेव. आणि तू रे, कुलपं बघणाऱ्या, चल काळबादेवीच्या कापडबाजारात. पंधरा दिवस उरलेत. गठ्ठे तूच उचलायचेस."

वाटेत काकूंनी तीनदा विचारलं, "मिळेल ना रे मोरपंखी?" मला ठाऊक नव्हतं, आणि थापही सुचेना.