गाडी पाडायची शिकवणी

बुधवार, ९ ऑक्टोबर. सकाळी ढगाळ, दुपारी ऊन, चादरी वाळल्या. चष्म्याची काडी बसवून आणली. धाकट्या बहिणीचा फोन, तिची कवळी अजून टोचते. भाऊजी सकाळी शिकवणीला गेले ते दिवेलागणीला परतले. विद्यार्थी वाढलेले दिसतात. बरे झाले. विशेष काही नाही.

वरच्या मजल्यावर वहिनी ही नोंद करत होत्या तेव्हा खालच्या खोलीत त्यांचे दीर खाटेच्या कडेवर बसून डाव्या पायातला बूट काढायच्या खटपटीत होते. पाय सुजून टम्म झाला होता आणि बूट काही केल्या निघत नव्हता. शेवटी त्यांनी कात्रीने नाडी कापली. वर आवाज जाऊ नये म्हणून तोंडात टॉवेलाचा कोपरा धरला होता.

हे दीर म्हणजे मोटारसायकल शिकवणारे मास्तर. सगळा गाव त्यांना मास्तरच म्हणे. खरे नाव लायसन्सवर होते तेवढेच. लग्न त्यांनी केले नाही असे नाही, करायचे राहून गेले. थोरला भाऊ होता तोवर दोन्ही वेळा वरच जेवत, जेवण झाले की भावाशी पत्ते खेळत आणि हटकून हरत. भाऊ गेला. वहिनी एकट्या, आपण एकटे, लोकांच्या तोंडाला कशाला विषय द्या, म्हणून त्यांनी खाली एक शेगडी आणून ठेवली. वहिनींना ते पटले की नाही हे त्यांनाच ठरवता आले नाही, आणि न ठरवता बरीच वर्षे गेली. एकाच छपराखाली दोन कुकरच्या शिट्ट्या होत, पुढेमागे.

मास्तरांच्या शिकवणीची तऱ्हा वेगळी होती. पहिल्या दिवशी ते गाडी चालवायला देतच नसत, पाडायला देत. शिकाऊ माणसाला उभ्या गाडीचे हॅंडल धरायला लावायचे, गाडी हळूहळू एका अंगाला कलती करायची आणि म्हणायचे, सोडा. माणसाचा हात सुटत नसे. बायका डोळे मिटत, बापे हसत आणि हॅंडल आणखी घट्ट धरत. मग एकदाची ती धाडकन पडे. पुढे इंजिनाच्या दोन्ही अंगांना जाड नळीची कमान होती, मागच्या चाकापाशीही तशीच. गाडी त्या गार्डवर टेकून तिरकी पडून राही. टाकीला ओरखडा नाही, लिव्हर वाकडी नाही.

"बघितलंत? काय झालं? काही नाही," मास्तर म्हणत. "उद्या तुम्ही वर बसलेले असाल आणि ही अशीच कलंडेल. तेव्हा तिला सावरायला जायचं नाही. तिला गार्ड आहे. तुम्हाला नाही."

यावरून त्यांची थट्टाही होई. दुसरे लोक चालवायला शिकवतात, आमचे मास्तर आधी पाडायला शिकवतात. घासून घासून गार्डच्या नळ्यांचा खालचा भाग भांड्यासारखा लखलखीत झाला होता, आणि वेल्डिंगच्या जागी गाठी आल्या होत्या.

शिकून गेलेले लोक नवी गाडी घेतली की विचारायला येत, गार्ड बसवू का? शोरूमवाला नको म्हणतो. वजन वाढते, हलक्या प्रतीचा गार्ड वाकून उलट इंजिनालाच तडा देतो, आणि वेगात पडलात तर रस्त्यात रुतून गाडी उलटवतो. मास्तर यातले काहीच खोडून काढत नसत. खरे आहे, म्हणत. वेगात आपटलात तर तिथे हेल्मेट आणि नशीब, गार्डला कोण विचारतो. पण माणूस पडतो तो बहुतेक उभ्या गाडीवरून. सिग्नलला, फाटकात, पाय खड्ड्यात गेला म्हणून. गार्ड त्या फजितीसाठी असतो. तो जीव वाचवत नाही, नडगी वाचवतो. बसवायचा असेल तर दणकट बसवा, नाहीतर नको.

शिकवणी चाले बंद पडलेल्या बिस्किट कारखान्याच्या मागच्या अंगणात. तिथे सपाट काँक्रीट होते आणि तीन बाजूंना भिंती. पण अलीकडे बिनगिअरच्या स्कूटर आल्या, आणि त्या चालवायला मास्तर कशाला हवेत? शेवटची विद्यार्थिनी एक नर्सबाई होती. ती उन्हाळ्यात परीक्षा पास होऊन गेली. त्यानंतर कोणी आले नाही.

मास्तर मात्र रोज वेळेवर निघत. अंगणात विटा मांडत आणि स्वतःच त्यांच्यामधून आठाचा आकडा घालत बसत. दुपार झाली की विटा भिंतीला लावून घरी येत. घरी बसले असते तर वहिनींनी विचारले असते. विचारल्यावर सांगावे लागले असते, आणि सांगितले की वरून जेवणाचे ताट आले असते. मास्तरांनी जन्मभर एक गोष्ट जपली होती. आपला भार कोणावर पडू नये आणि आपली कीव कोणाला येऊ नये. त्यासाठी ते रोज रिकाम्या अंगणात शिकवणी घेत.

त्या बुधवारी विटांमधून वळताना गाडी थांबवून त्यांनी डावा पाय टेकला, तो नेमका विटेच्या चुऱ्यावर. पाय सरकला. गाडी कलली. सोडायला हवी होती. मास्तरांनी ती धरली. उभे आयुष्य शिकाऊ माणसाच्या मागे धावून, मागची कडी धरून गाडी सावरायची त्यांच्या हातांना सवय. आज वर बसलेलेही आपणच आहोत, हे हातांना काय ठाऊक?

गार्डने आपले काम चोख केले. पुढची आणि मागची कमान जमिनीला टेकली, मध्ये पायापुरती पोकळी राहिली आणि त्या पोकळीत मास्तरांचा पाय राहिला. हाड मोडल्यासारखे वाटले नाही. पण बूट गिअरच्या दांडीमागे असा काही अडकला की निघेना. नाडीपर्यंत हात पोचेना, आणि आडवे पडून गाडी ढकलायचे त्यांचे वय नव्हते. हात लांबवून त्यांनी किल्ली तेवढी बंद केली. फोन पलीकडे खुर्चीवर, जाकिटाच्या खिशात होता.

थोड्या वेळाने कारखान्याचा वॉचमन रात्रपाळी संपवून, आंघोळ उरकून घरी झोपायला निघाला. लांबूनच त्याने सायकलवरून विचारले, "काय मास्तर, आज गाडीखाली? दुरुस्ती का?"

"हो," मास्तर म्हणाले. "साखळी जरा सैल झालीय."

"चालू द्या," म्हणून तो गेला.

फाटकाचा आवाज आला तेव्हा मास्तरांनी हाक मारायला तोंड उघडले आणि मिटले. आता हाक मारायची तर आधी खोटे का बोललो तेही सांगायला हवे. दुसरे कोणी येईल, असे त्यांनी मनाशी म्हटले. पुढे ऊन डोक्यावर आल्यावर ते ओरडलेही, पण भिंतीपलीकडे रस्ता होता आणि रस्त्यावर हॉर्न होते. एकदा फोन वाजला. कोण असेल, याचा त्यांनी मान वळवून खुर्चीकडे बघत विचार केला, आणि एकही माणूस आठवेना. (नंतर पाहिले तर कोणीतरी प्लॉट विकत होते.) दुपारी खालचे दार वाजले नाही तर वहिनी काय म्हणतील? काम वाढले, असे म्हणतील. इतके महिने मास्तरांनीच तसे वाटू दिले होते. सावली भिंतीवरून खाली येऊन त्यांच्यावर आली, तेव्हा त्यांना बरे वाटण्याऐवजी थंडी वाजायला लागली.

संध्याकाळी वॉचमन पाळीवर आला. "मास्तर, अजून साखळीच?" त्याने हसत विचारले. या खेपेला उत्तर आले नाही. तो जवळ आला, वाकला, आणि त्याने सायकल तशीच टाकून दिली.

गाडी उचलून झाल्यावर मास्तरांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की घरी कळता कामा नये. वॉचमनने त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत आणले. तिथून ते भिंत धरत आले.

दोन दिवस मास्तर बाहेर पडले नाहीत. शुक्रवारी दुपारी वॉचमन गाडी ढकलत घेऊन आला, तेव्हा वहिनी फाटकाशी उभ्या होत्या. गाडी इकडे कशी, असे त्यांनी विचारले.

"मला सांगू नको म्हणालेत, म्हणून मी सांगत नाही," वॉचमन म्हणाला. "सकाळी विचारलं तर म्हणाले, साखळी सैल झालीय, आणि मी निघून गेलो. पण दिवसभर गाडीखाली राहिलेला पाय कोणाला तरी दाखवा म्हणावं."

वहिनी खाली गेल्या. दीर गेल्या कित्येक वर्षांत वर आले नव्हते, तशा त्याही या खोलीत आल्या नव्हत्या. मास्तरांनी घाईघाईने पायावर चादर ओढली.

"विद्यार्थी कुठे होता?" वहिनींनी विचारले.

"कोणता?"

"मास्तर दिवसभर गाडीखाली आणि शिष्य घरी गेला?"

मास्तर म्हणाले, गार्डमुळे पाय वाचला, गार्ड नसता तर नडगीचा भुगाच होता. आपण नेहमी सांगतो ना, उभ्या गाडीला गार्ड हवाच.

"ते खरं, भाऊजी. पण गार्डने कोणाला हाक मारली का?"

मास्तरांनी पायावरची चादर नीट केली. मग म्हणाले, "विद्यार्थी नाहीत, वहिनी. उन्हाळ्यापासून नाहीत."

वहिनी खुर्चीवरचे कपडे बाजूला करून बसल्या.

"पाय दुखतो का?"

"नाही."

"वॉचमनला काय सांगितलंत? साखळी सैल झालीय." वहिनींचा आवाज चढला नाही. "तुमच्या भावाच्या छातीत कळ आली तेव्हा मी विचारलं होतं, काय होतंय? म्हणाले, काही नाही, पित्त झालंय. मी लिंबूपाणी करायला गेले. परत येईपर्यंत संपलं होतं सगळं. तुम्ही सगळे एकाच घरचे."

हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितले नव्हते. मास्तरांनी चादर बाजूला केली. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काळानिळा झाला होता.

"दुखतो," ते म्हणाले. "कुशीवर वळलो की फार दुखतो. झोप नाही."

उद्या सकाळी हाडांच्या डॉक्टरकडे जायचे, हे वहिनींनी विचारले नाही, सांगितले. मग त्या पाणी तापवायला वर गेल्या.

संध्याकाळी त्यांनी वही उघडली. डॉक्टरांची वेळ लिहिली, वॉचमन येऊन गेल्याचे लिहिले, आणि शेवटी लिहिले: गरम पाण्याची रबरी पिशवी खाली दिली आहे. बूच सैल आहे, नवे आणायला हवे.