बाराव्या मजल्यावरचे गिरणीमामा

गिरणीमामा कुजबुजले तरी खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. उभा जन्म सूतगिरणीच्या खडखडाटात गेला. कान तिथंच गेले, आवाज मात्र चढलेला राहिला. साहेबांची मीटिंग रंगात आलेली असताना मामा दारातून विचारणार, "बिनसाखरंचा च्या कुणाचा रं?" साहेबांची साखर अख्ख्या ऑफिसला कळायची.

मलकापूरला महामार्गालगतची ती गिरणी बंद पडली, मग पाडली आणि तिच्या जागी काचेची बारा मजली इमारत आली. आमच्या भागात बारा मजले म्हणजे आभाळच. सगळ्यात वरच्या मजल्यावर मी संगणकापुढं आणि मामा चहाच्या खोलीत. मजल्याला ते गिरणीतल्यासारखं 'खातं' म्हणत. "चार नंबर खात्यात जाऊन आलो," म्हणजे चौथ्या मजल्यावर.

त्या काचा उघडत नाहीत, हे त्यांना सोसत नसे. समोर आगाशिवाचा डोंगर दिसायचा, पण वारा लागायचा नाही. "वाऱ्यानं सूत तुटतंय म्हणून गिरणीत खिडक्या बंद ठिवायचो," एकदा मला म्हणाले, "हितं काय तुटतंय रं?" गुदमरायचो मीही, फक्त बोलत नसे.

त्यांना खाली गेटवर, उघड्यावर काम हवं होतं. सुपरवायझर म्हणाला, "मामा, तुम्हाला गाडीचा हॉर्न तरी ऐकू येतो का?" नोकरी सोडावी, तर धाकट्या लेकीचं नर्सिंग पुरं व्हायचं होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

एका दुपारी, आग लागली तर काय करायचं याची रंगीत तालीम झाली. सायरन असा ठणाणला की मामांनाही ऐकू गेला. आम्ही पार्किंगमध्ये रांगा लावून उभे आणि मामा डबा घेऊन थेट गेटकडे.

"मामा, कुठं?" मी ओरडलो.

"भोंगा झाला की! पाळी सुटली!"

इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांना अडवणं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा ट्रे घेऊन हजर. "भोंगा खोटा हुता म्हणं," ते म्हणाले. "लेक म्हणली, आबा, माझं अजून वरीस ऱ्हायलंय."

पुढं मला शिरवळला दुसरी नोकरी लागली. निरोप घ्यायला गेलो, तर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "जा गड्या. तुझा भोंगा खरा हाय."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी बॅग घेऊन गेटबाहेर आणि मामा वरच.