डोळ्यांना ओढणी बांधणाऱ्या बाई

साखऱ्याजवळच्या तांड्यावरच्या शाळेत मी नवा शिक्षणसेवक होतो, तेव्हा तालुक्याहून एक विशेष शिक्षिका आल्या होत्या. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही अशा लेकरांसाठी त्या गावोगावच्या शाळा फिरत. मला त्या एकदाच भेटल्या.

आमच्या वर्गात जन्मापासून दृष्टी नसलेली एक पोरगी होती. बाप तिला कडेवर आणून भिंतीशी बसवायचा. ती जागची हलत नसे. त्या दिवशी तो बाईंना म्हणाला, "उगं तकलीफ काहून द्यायची लेकराला? उद्यापासून न्हाई आणत."

बाईंनी वाद घातला नाही. ओढणी स्वतःच्या डोळ्यांना घट्ट बांधली, पोरीसमोर बसल्या आणि हात पुढे केला.

"मला बी काही दिसून न्हाई राहिलं. हापशीवर पाणी प्यायला नेतीस का?"

पोरगी आधी गोंधळली, मग उठली. एका हातानं भिंत चाचपत, दुसऱ्या हातानं बाईंना धरून निघाली. दारात ती थांबली, पायानं चाचपलं आणि म्हणाली, "बाई, उंबरा हाय. पाय उचला."

बाप तिथंच खाली बसला.

नंतर मी बाईंना विचारलं, "तिला कुठं कळणार होतं? डोळे कशाला बांधले?"

"हातावरून बराबर कळतंय तिला, समोरचा बघून राहिला का न्हाई," त्या म्हणाल्या आणि ओढणी झटकून जीपकडं निघाल्या.

दुसऱ्या दिवशी पोरगी बापाचा हात धरून चालत शाळेत आली. तिला येताना पाहिलं, तेव्हाच मी विशेष शिक्षक व्हायचं ठरवलं.