फुग्याची दाढी

उस्तादांना साठावं वर्ष लागणार होतं, आणि लेकीनं ठरवलं होतं की बापाचा वाढदिवस असा करायचा की गल्लीनं वर्षभर तेच बोलावं. "मिशी पार्टी!" तिनं जाहीर केलं. "जो येईल त्यानं मिशी लावूनच यायचं. बायकांनी, पोरांनी, सगळ्यांनी. आईनंसुद्धा."

"मला कशाला वेगळी? आहेत की दोन केस हनुवटीला," आई, म्हणजे उस्तादांची बायको, म्हणाली. सगळे खो खो हसले. उस्तादही हसले. हसता हसता त्यांनी उजवा हात हळूच मांडीखाली सरकवला.

कारण तो हात थरथरायला लागला होता, आणि ही गोष्ट त्यांच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

उस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे, लोकांनी दिलेली पदवी. सलूनमध्ये उभी हयात गेली. वस्तऱ्याचा हात इतका हलका की गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागायचं. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चारचौघांत छाती फुगवून सांगायचा, "केसानं गळा कापणारे पुष्कळ पाहिले, पण वस्तरा धरूनही न कापणारा माणूस बघायचा तर आमच्या भावोजींना बघा!"

आणि आता हा हात! आधी चहाची बशी वाजायला लागली. त्यांनी बशी सोडून ग्लास धरला, तोही अर्धाच भरलेला. मग एक दिवस जुन्या गिऱ्हाइकाच्या, रिटायर झालेल्या पोस्टमनच्या, कानाखाली पात लागली. जखम कसली, तुरटी फिरवली की थांबेल एवढीच. पोस्टमन म्हणाले, "चालायचंच हो." पण उस्तादांचं लक्ष जखमेवर नव्हतंच. तिच्या शेजारीच गळ्याची शीर टपटप उडत होती. ती काही केल्या त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना.

तेव्हापासून वेळ मारून नेणं सुरू झालं. कुणी दाढीला बसलं की उस्ताद म्हणायचे, "अहो, हल्ली सगळे मशीननं ट्रिम करतात, तुम्हाला शोभेल." कुणी हट्टच धरला तर दुसऱ्या खुर्चीवरच्या कारागिराकडे बोट. "त्याचा हात आता माझ्यापेक्षा बरा चालतो." लोकांना वाटायचं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे! मोठं मन कसलं डोंबलाचं, जीव मुठीत धरून दिवस ढकलत होते बिचारे. बरं, डॉक्टरकडे जायला काय धाड भरली होती? तर तीही भीतीच. डॉक्टर बोलून टाकेल, आणि बोललं की खरं होईल.

तशात लेकीनं पार्टीचा पहिला खेळ सांगितला.

"फुग्याची दाढी! फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं काढायचा. न फोडता. तुम्हीच तर सांगता बाबा, तुमच्या गुरूंनी तुम्हाला फुग्यावर शिकवलं म्हणून. पाहुण्यांना साधे प्लॅस्टिकचे चमचे देऊ, पण पहिला फुगा तुमचा. खरा वस्तरा."

"त्यात काय," उस्ताद म्हणाले. "डाव्या हातचा मळ."

दुपारी दुकानात सामसूम असताना, कारागीर जेवायला गेला की ते शटर अर्धं ओढून आतल्या खोलीत शिरायचे. फुगा फुगवायचा, फेस लावायचा, पात टेकवायची. फट्! दुसरा घ्यायचा. फट्! शेजारच्या चपलांच्या दुकानदारानं विचारलं, "काय हो, कसले आवाज?" तर म्हणाले, "पोरांचे फुगे आहेत, बघतोय कसे निघालेत." पाकीट संपत आलं, पण एकही फुगा शेवटपर्यंत टिकला नाही. घामानं सदरा पाठीला चिकटायचा. फुग्यात नुसती हवा होती, तरी प्रत्येक आवाजाला त्यांना तीच शीर दिसायची.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी लेकीनं दुकानातच रंगीत तालीम लावली. बायको आली, मेव्हणा आला, कारागिरालाही बोलावलं. काळ्या कापडाच्या मिशा सगळ्यांनी चिकटवून पाहिल्या. बायकोची मिशी तर अशी झुपकेदार की मेव्हण्यानं उठून तिला सलाम ठोकला. "ताई, तू आधीच लावायला हवी होतीस, भावोजी आणखी वचकून राहिले असते!"

फुगा खुर्चीला बांधला होता. फेस लावून झाला. उस्तादांनी वस्तरा उघडला. पहिला पट्टा सुरेख निघाला, आणि क्षणभर त्यांना वाटलं, जमलं. दुसऱ्याला हात उडाला.

फट्! फेस आरशावर, फेस मेव्हण्याच्या मिशीवर. उस्तादांना वाटलं, संपलं, बिंग फुटलं.

"मुद्दाम फोडलात!" मेव्हणा किंचाळला आणि पोट धरून हसायला लागला. लेकीनं टाळ्या पिटल्या. "बाबा, हेच ठेवायचं! अगदी ऐन रंगात फट्! लोक हसून लोळतील!"

सुटलो. उस्तादांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. चक्क सुटलो!

"आणि त्यानंतर खरी दाढी," लेक म्हणाली. "मामाची. सगळ्यांसमोर."

मेव्हणा केव्हाच खुर्चीत बसला होता. "तुमच्यासाठी राखलीय, भावोजी. होऊन जाऊ दे!" कारागिरानं फेस लावला. मेव्हण्यानं मान मागे टाकली आणि डोळे मिटून घेतले. फेसाखाली त्याचा गळा उघडा पडला होता.

उस्ताद तिथंच उभे राहिले. फुगा फुटला तर लोक हसतात. इथं काय होईल? एक शब्द न बोलता करून टाकावं, कदाचित होईलही नीट. कदाचित. ह्या 'कदाचित'वर ह्या वेड्यानं आपली मान ठेवली होती.

"माझा हात थरथरतो," ते म्हणाले. "मी कापीन तुला."

हास्याचा एकच स्फोट झाला. "वा! हेसुद्धा ठेवा पार्टीत!" लेक म्हणाली.

"अगं खरं सांगतोय."

ती आणखीच हसली. तेव्हा त्यांनी वस्तरा मिटून फळीवर ठेवला, आणि उजवा हात सगळ्यांच्या समोर, ट्यूबलाइटखाली, कशाचाही आधार न देता पुढे धरला.

आधी कारागिराचं हसू थांबलं. मग लेकीचं.

"अहो, करा ना सुरू," मेव्हणा डोळे मिटूनच म्हणाला. वस्तरा टेकेना, तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"बाबा, किती दिवसांपासून?" लेकीचा आवाज चिरकला. "सांगितलं का नाहीत?"

"भीती वाटली गं. हे कळलं की मग ह्या दुकानात मी कोण?"

बायको मिशीसकट पुढे आली, आणि तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तरी तो थांबेना.