पहिल्या दिवशी काय घालणार?

शर्टांच्या कारखान्यात तिला घडीबाई म्हणत. शिवून आलेला शर्ट टेबलावर पालथा घालायचा, पाठीवर पुठ्ठा ठेवायचा, बाह्या मागे घ्यायच्या, कॉलर ताठ राहील अशी टाचणी लावायची. उभं आयुष्य तिने हेच केलं. कारखाना सुटला, नाव सुटलं नाही. घरात मात्र ते नाव फक्त वहिनी घ्यायची, आणि तेही पाठीमागे.

घडीबाईचं लग्न झालं नाही. एकदा ठरत आलं होतं. मुलगा आईला घेऊन भेटायला आला. त्याच्या पँटच्या एका पायावर इस्त्रीच्या दोन रेघा पडल्या होत्या. "तुमच्याकडे कुणाला इस्त्री येत नाही का?" तिने विचारलं. इस्त्री आईने केली होती, आणि आई शेजारीच बसली होती.

तेव्हापासून ती दादाकडे. दादा मोठा, पण फक्त वयाने. बायको आणि बहीण यांच्या मधे तो वर्तमानपत्र धरून बसायचा, आणि पान उलटताना आवाज होऊ नये याची काळजी घ्यायचा.

घरातली प्रत्येक बॅग घडीबाईच भरायची. "कपडा चुरगळायला त्याला कोपरा लागतो," ती म्हणायची. "कोपराच दिला नाही, तर चुरगळेल कुठे?" कोट सगळ्यात खाली, पालथा, बाह्या दोन्हीकडे पसरलेल्या. त्यावर आडव्या पँटी. मग शर्ट, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. मधोमध मोजे, बनियन आणि आतले कपडे यांची घट्ट उशी. मग एकेक कपडा त्या उशीभोवती लपेटत यायचं, आणि शेवटी कोटाच्या बाह्या वरून. असं एकच गाठोडं बॅगेत जायचं. आठ दिवसांनी उघडा, सुरकुती शोधून सापडायची नाही.

खोट एकच. आतलं काही हवं असेल, तर सगळं सोडावं लागे. म्हणून भरायला घेण्याआधी ती एक प्रश्न विचारायची. "पहिल्या दिवशी काय घालणार?" ते सगळ्यात बाहेर. दुसऱ्या दिवसाचं त्याच्या आत. या प्रश्नाचं उत्तर घरात सगळे खरं द्यायचे. खोटं दिलं, तर परक्या ठिकाणी पलंगावर दुकान मांडून बसायची पाळी यायची.

त्या दुपारी पलंगावर मोठी बॅग उघडी होती. दादा आणि वहिनी लेकीकडे निघाले होते. लेकीला बाळ झालं होतं. दोन महिने राहून यायचं, तोवर घडीबाईने घर बघायचं, असं ठरलं होतं. म्हणजे तिला तसं सांगितलं होतं.

वहिनी कपाटातून कपडे काढून देत होती. देत कसली, फेकत होती.

"वहिनी, हळू. रेशीम आहे ते."

"माझंच आहे. मला माहीत आहे."

"माहीत असतं, तर असं मानगूट धरून आणलं नसतं."

दादाने वर्तमानपत्र जरा वर केलं.

"दादा, पहिल्या दिवशी काय घालणार?"

"कोट."

"कोट? बाळाला मांडीवर घ्यायला कोट?"

"अगं, पोचल्या पोचल्या घराच्या सह्या करायला जायचंय ना. तिथे जरा बरं दिसायला..."

तो थांबला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिने विचारलं की खरं सांगायचं, ही सवय जिभेला लागली होती. त्यात त्याच्या डोक्याचा काही संबंध नव्हता.

"झालं," वहिनी म्हणाली. "केलंत तुम्ही."

घडीबाईने पलंगाकडे पाहिलं. लोकरीचे दोन्ही कोट. सगळे स्वेटर. दाराचे पडदे. इतका वेळ तिला वाटत होतं, वहिनीला काही मागे ठेवायचा जीव होत नाही, दुसरं काय.

"कुठल्या घराच्या सह्या, दादा?"

"आम्ही तिकडेच राहणार आहोत," उत्तर वहिनीने दिलं. "कायमचे. हे घर महिनाअखेर मालकाच्या ताब्यात द्यायचं आहे. तुमच्यासाठी बायकांच्या वसतिगृहात खोली बघितली आहे. चांगली आहे. खिडकी आहे."

"मला कधी सांगणार होतात?"

"तिकडे पोचल्यावर फोन करणार होतो," दादा म्हणाला.

"म्हणजे बॅग माझ्याकडून भरून घ्यायची, आणि मग फोन."

"तुझ्यासारखी कुणाला येतच नाही गं," दादा म्हणाला. ही स्तुती आहे, असं त्याला मनापासून वाटत होतं.

घडीबाई वहिनीकडे वळली. "मी काय घोडं मारलं तुमचं?"

वहिनी या प्रश्नाची तीस वर्षं वाट बघत होती.

"लग्नानंतर आम्ही दोघं फिरायला गेलो. बॅग तुम्ही भरलीत. मी नवी, मी काय बोलणार? तिथे मला रुमाल हवा होता. एक रुमाल! तो काढायला सगळं सोडलं, तर मधोमध माझे आतले कपडे, आणि त्यांत यांचे मोजे कोंबलेले. तुमच्या हाताने. तेव्हापासून मी माझी बॅग भरलेली नाही, वन्सं. माझ्याच कपाटात काय कुठे आहे, ते तुम्हाला विचारते. बाळंतपणाला दवाखान्यात गेले, तिथेही गाठोडं. मी कळा सोसू की गाठोडं सोडू?"

"पण एक तरी सुरकुती होती का?"

"हेच! हेच ते!" वहिनीने कपाटाचं दार आपटलं.

दादाने घसा खाकरला. "नवं घर तसं मोठं आहे. मागच्या बाजूला एक छोटी खोली..."

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. तो पुढे बोलला नाही, पण बोललेलं परतही घेतलं नाही.

वहिनी हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"या. तुम्हीही या. पण ही बॅग मी भरणार. तुम्ही त्या खुर्चीवर बसायचं. बॅग बंद होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, आणि हात मांडीवरून हलवायचा नाही. एवढं जमलं, तर माझ्या घरात तुम्हाला खोली. माझ्या घरात. नीट ऐकलंत ना?"

"हा काय पोरखेळ आहे?"

"जमणार नाही म्हणा की सरळ."

घडीबाई खुर्चीवर जाऊन बसली. दादाशिवाय ती कधी राहिली नव्हती. भाचीला तिने अंगाखांद्यावर वाढवलं होतं, आणि भाचीचं बाळ अजून पाहिलंही नव्हतं. प्रश्न एका बॅगेचा होता. तेवढा वेळ गप्प बसणं काय जड आहे?

वहिनीने रेशमी साडी घेतली. चार घड्या घातल्या, मग वरून आणखी एक. घडीबाई बघत राहिली. बूट आले, तळवे खाली, थेट पांढऱ्या शर्टावर. ती बघत राहिली. पँट पिळा दिल्यासारखी कोपऱ्यात गेली. घडीबाईने डोळे मिटले.

"डोळे उघडे ठेवा. मिटायचं ठरलं नव्हतं."

तिने उघडले. बोलली नाही. दादाने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं होतं. लहान मुलाला कडू औषध गिळायला लावावं, तशी तो तिच्याकडे बघून मान हलवत होता.

पडदे गेले. स्वेटर गेले. गुडघ्याने दाबून शाली गेल्या. शेवटी कोट राहिला.

इथे वहिनीचा हात जरा थांबला. या कोटात नवरा तिच्या घराच्या सह्या करणार होता. तिने तो पसरला. एक बाही आत घेतली. दुसरी घेताना पहिली बाहेर आली. तिने पुन्हा पसरला. खांदा दुमडला, कॉलर खाली दबली. तिने कपाळावरचा घाम पुसला आणि परत सुरुवात केली. आता ती मुद्दाम वाईट करत नव्हती. तिला खरंच येत नव्हतं.

मुद्दाम केलेलं घडीबाईने गिळलं होतं. हे तिला गिळता येईना. तिने मांडीवरची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. कॉलर पुन्हा दबली.

तिचा हात गेला. बाही धरली, झटकली, सरळ केली.



"बघा," वहिनी दादाला म्हणाली. "बघितलंत?"

"नुसती चेन लावायची राहिली होती गं," दादा म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "एवढंसं राहिलं होतं."

घडीबाईला ते माहीत होतं. काय गेलं, तेही तिला कळलं होतं. पण हात थांबला नाही. तिने कोट बाहेर काढला. मग शाली, मग बूट, मग चुरगळलेली पँट. सगळं पलंगावर आलं.

वहिनी फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. तिचा आवाज आत येत होता. "हो, एकटीच. नाही, स्वभावाला जरा... नाही, सामान फारसं नाही. उद्यापासून चालेल."

घडीबाईने कोट पालथा पसरला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"दादा, सरक," ती म्हणाली. "शर्टावर बसलायस."

दादा सरकला.