न्हाणीजवळचा कप

बनाबाईला सून नकोशी व्हायला निमित्तच हवं होतं. ते डॉक्टरांनी दिलं, असं ती म्हणते. कसलं दिलं? हिनं हिसकावून घेतलं.

तिची सून स्वप्ना इस्लामपूरजवळच्या एका गावात ब्लाऊज शिवायची. दोन वर्षांपूर्वी तिला एका डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं, मग मशीन चालवता चालवता उजवा पाय बधिर पडायला लागला. सून कामचुकार आहे, नाटकं करते, असं बनाबाई गावभर सांगत फिरली. नवरा कपिल साखर कारखान्यात कामाला, पण आईपुढं त्याच्या तोंडाला कुलूप. शेवटी स्वप्ना अंगणात कोसळली तेव्हा कुठं तिला सांगलीला नेलं. तिथं मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. अंगाची राखण करणारी ताकदच फिरते आणि आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडते, असा तो आजार.

डॉक्टरांनी विचारलं, मानेला गाठी येऊन कधी मोठा ताप आला होता का? आला होता. साताऱ्याच्या होस्टेलवर, सोळाव्या वर्षी, चांगला महिनाभर. डॉक्टर म्हणाले, त्या तापाचा विषाणू थुंकीतून पसरतो, दहातल्या नऊ जणांच्या अंगात तो असतोच आणि गप पडून राहतो. फार थोड्यांना पुढं हा आजार होतो. दोन्हींचा संबंध दिसतोय, पण तो विषाणू नेमकं काय करतो हे अजून पुरतं कळलेलं नाही. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

बनाबाईनं त्यातला थुंकी हा एवढा एकच शब्द उचलला.

घरी आल्याबरोबर स्वप्नाचं ताट वेगळं झालं. तिच्यासाठी कान तुटलेला एक कप न्हाणीजवळच्या कोनाड्यात गेला. आणि चार वर्षांच्या ओवीला आईच्या हातचा घास बंद झाला. हे स्वप्नाला पाय गेल्यापेक्षा जास्त लागलं. पोरगी आजीच्या मांडीवर बसून जेवायची आणि आईकडं टकामका बघायची. बरं, ओवीला दात नव्हते तेव्हा भाकरी चावून तिच्या तोंडात घालणारी कोण होती? हीच बाई! स्वप्नानं ते बोलून दाखवलं तर बनाबाईनं घर डोक्यावर घेतलं. कपिल मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसला होता. असल्या नवऱ्याचं काय लोणचं घालायचं?

असे सहा महिने गेले आणि एप्रिलात जयंती आली. विहारात बायका जमल्या, आणि दरवर्षीप्रमाणं बनाबाई बोलायला उभी राहिली. तिची आई दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला जायची. तिथं चहा मिळायचा तो गोठ्याच्या वळचणीला खोचलेल्या फुटक्या कपात, वरून ओतलेला. पिऊन झाला की कप धुऊन तिनंच परत तिथं खोचायचा. यातलं काहीच खोटं नव्हतं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मग चहा आला. काठी टेकत आलेल्या स्वप्नानं पिशवीतून आपला कप काढला आणि पुढं केला. शेजारच्या दगडाबाईनं विचारलं, हा आणि कशाला घरनं आणलास? उत्तर दिलं ते आजीजवळ बसलेल्या ओवीनं.

"त्याला शिवायचं न्हाई. आईचा हाय त्यो. आजी न्हाणीपाशी ठेवती."

सगळ्या बायका बनाबाईकडं बघायला लागल्या. डॉक्टरांनीच सांगितलंय, असं ती पुटपुटली.

"डॉक्टरांनी लागत न्हाई म्हणून सांगितलं, आत्या," स्वप्ना म्हणाली. "कप तुमी ठेवला."

दगडाबाईनं तिच्या हातातला कप घेतला, त्यात चहा ओतून घेतला, अर्धा प्याली आणि परत दिला. बनाबाई पायात चपला न घालताच घरी निघून गेली.

घरी जाऊन तिनं काय करावं? स्वप्नाचं वेगळं ठेवलेलं ताट उकिरड्यावर भिरकावलं आणि सुनेनं चारचौघींत अब्रू काढली म्हणून ऊर बडवून घेतला. चुकलं, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही आणि अजूनही म्हणालेली नाही. स्वप्नाशी तिनं बोलणंच टाकलंय. पायही काही सुधारला नाही.

पण त्या संध्याकाळी स्वप्ना काठी भिंतीला लावून चुलीपाशी बसली आणि ओवीला हाक मारली. पोरगी आजीकडं बघून क्षणभर अडली, मग आली. स्वप्नानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. निम्मी आमटी ओवीच्या फ्रॉकवर सांडली. ओवीनं आ केला. बनाबाई समोर बसून डोळे वटारत होती. स्वप्नानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.